किती उजेड, किती अंधार?

आजच्या कॅमेऱ्याला जवळजवळ काळोखातही दिसते. त्यामुळे चित्रपटाचे छायालेखन शिकू पाहणाऱ्यांपुढील प्रश्न बदलला आहे. चित्र उमटेल की नाही, ही चिंता आता फारशी उरलेली नाही. चित्रात काय दिसावे आणि काय झाकलेले राहावे, हे मात्र आजही शिकावेच लागते.

३५ मिलिमीटर फिल्मचा ४०० फुटांचा रोल सेकंदाला २४ फ्रेम या गतीने जेमतेम साडेचार मिनिटे चालतो. तो विकत घ्यायचा, चित्रित झाल्यावर प्रयोगशाळेत धुवायला पाठवायचा आणि आपण काय केले ते नंतर पडद्यावर पाहायचे, अशी पूर्वीची रीत होती. चूक महाग पडत असे. म्हणून विद्यार्थी कॅमेरा सुरू करण्यापूर्वी विचार करीत असे. मेमरी कार्डाने हा धाक नाहीसा केला. चित्र मॉनिटरवर तत्काळ दिसते, बिघडले तर पुन्हा घेता येते आणि कॅमेरा स्वयंचलित ठेवला तर तो उजेडाचा हिशेबही स्वतःच करतो.

अडचण इथेच सुरू होते. स्वयंचलित कॅमेऱ्याला कथा ठाऊक नसते. त्याचा हेतू एकच असतो: समोरचे सारे काही सारख्या ठळकपणे दिसावे. मध्यरात्री दारावर थाप पडते आणि घरातील म्हातारी कंदील घेऊन उठते, अशा दृश्यातही तो माजघराचा कोपरान् कोपरा उजळून टाकू पाहतो. म्हातारीच्या मनातील भीती त्या कोपऱ्यांच्या काळोखात असते. तो काळोखच राहिला नाही, तर भीतीही राहत नाही. प्रकाशयोजना आणि एक्स्पोजर या दोन गोष्टी शिकणे म्हणजे हा निर्णय यंत्राच्या हातून आपल्या हाती घेणे होय.

घागर आणि तोटी

एक्स्पोजर म्हणजे फिल्मवर किंवा सेन्सरवर पोहोचणारे प्रकाशाचे एकूण माप. ते समजण्यासाठी नळाखाली ठेवलेल्या घागरीचे उदाहरण पुरेसे आहे. लेन्सचे अ‍ॅपर्चर म्हणजे तोटी किती उघडली ते. शटर म्हणजे ती किती वेळ उघडी ठेवली ते. आयएसओ म्हणजे घागरीचा आकार. आयएसओ जितका जास्त, तितकी घागर लहान आणि लवकर भरणारी. मात्र लहान घागरीत पाणी थोडे असल्याने गाळ अधिक जाणवतो. वाढवलेल्या आयएसओत चित्रातील दाणेदारपणा असाच डोळ्यांत भरतो. घागर भरून वाहू लागली, तर वाहून गेलेले पाणी परत मिळत नाही. डिजिटल चित्रातील पांढराफटक झालेला भागही असाच कायमचा जातो.

अ‍ॅपर्चरचे आकडे एफ १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात. प्रत्येक पायरीला स्टॉप म्हणतात आणि प्रत्येक पायरीवर प्रकाश निम्मा होतो. आकडा वाढला की प्रकाश घटतो, हे प्रारंभी गोंधळात टाकते. पण हा आकडा भागाकारातून येतो, हे लक्षात ठेवले की गोंधळ मिटतो. लेन्सची फोकल लांबी भागिले छिद्राचा व्यास, म्हणजे हा आकडा. चित्रपटाच्या लेन्सवर बहुधा एफऐवजी टी हे अक्षर असते. काचेतून जाताना काही प्रकाश वाटेतच गळतो. तो वजा जाता प्रत्यक्षात किती पोहोचतो, ते टी-स्टॉप सांगतो.

स्थिरचित्रे काढणारा या तिन्ही कळा हव्या तशा फिरवू शकतो. चित्रपटाच्या छायालेखकाला तेवढी मोकळीक नसते. सेकंदाला २४ फ्रेम घेताना शटरचा कोन प्रथेने १८० अंश ठेवतात, म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद मिळतो. हालचाल डोळ्यांना सहज वाटावी, यासाठी हा काळ सहसा बदलत नाहीत. भारतात तर आणखी एक बंधन आहे. येथील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतो. शटर त्याच्याशी जुळले नाही, तर चित्र लुकलुकते. म्हणून अनेक जण शटर १७२.८ अंशांवर, म्हणजे बरोबर १/५० सेकंदावर ठेवतात.

आयएसओ प्रत्येक कॅमेऱ्याच्या मूळ मूल्यावर ठेवणे हिताचे असते. आजच्या अनेक कॅमेऱ्यांत ते ८०० च्या आसपास आहे. अ‍ॅपर्चर किती असावे, हेदेखील पुष्कळदा उजेडापेक्षा फोकसची खोली ठरवते. पार्श्वभूमी धूसर हवी असेल, तर तोटी मोठी उघडावी लागते. मग हाती उरते काय? कॅमेऱ्यासमोरचा प्रकाश कमी-अधिक करणे. चित्रपटात एक्स्पोजरचा बराचसा निर्णय दिव्यांनी, पडद्यांनी आणि जागेच्या निवडीने होतो, तो यामुळेच. प्रकाशयोजना आणि एक्स्पोजर हे अभ्यासक्रमात दोन विषय असले, तरी सेटवर ते एकच काम असते.

भर दुपारचे उदाहरण घ्यावे. लख्ख उन्हात शटरचा काळ आयएसओच्या व्यस्त ठेवला, तर अ‍ॅपर्चर एफ १६ येते, असा छायाचित्रणातील जुना ठोकताळा आहे. आयएसओ ८०० ला १/८०० सेकंद आणि एफ १६. पण चित्रपटात शटर १/५० वर बांधलेले आहे, म्हणजे चार स्टॉप प्रकाश जास्त आला. तेव्हा एफ ६४ हवे, जे लेन्सवर नसतेच. शिवाय चेहऱ्यामागची गर्दी धूसर करण्यासाठी छायालेखकाला एफ ४ हवे असेल, तर एकूण आठ स्टॉप प्रकाश अडवावा लागेल. म्हणजे आलेल्या उजेडाचा २५६ वा भागच आत सोडायचा. हे काम एनडी नावाचे करडे फिल्टर करतात. ते लेन्सला घातलेला काळा चष्मा असतात; रंग न बदलता उजेड कमी करतात. ०.३ चा एनडी एक स्टॉप कापतो, ०.९ चा तीन. हा हिशेब कागदावर मांडता येत नाही, तोवर भर उन्हातले पहिलेच चित्रीकरण फसण्याची शक्यता मोठी असते.

काळी म्हैस, पांढरे धोतर

उजेड मोजण्यासाठी लाइटमीटर असते. कॅमेऱ्यातील मीटर वस्तूवरून परतणारा प्रकाश मोजते आणि एक गृहीत धरून चालते: समोर जे काही आहे, ते सरासरी मध्यम करडे आहे. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारा हा करडा रंग. फ्रेमभर काळी म्हैस उभी असेल, तर मीटर म्हणते, येथे उजेड फार कमी आहे, तोटी उघडा. म्हैस करडी होते. फ्रेमभर पांढरे धोतर वाळत असेल, तर मीटर म्हणते, उजेड फार आहे, तोटी मिटा. धोतरही करडे होते. मीटर खोटे बोलत नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे ते अचूक उत्तर देते. म्हैस काळी राहावी म्हणून मीटरपेक्षा दोनएक स्टॉप कमी द्यायचे आणि धोतर पांढरे राहावे म्हणून तेवढेच जास्त द्यायचे, हे ठरवणे माणसाकडे राहते.

हातात धरायचे, पांढरा अर्धगोल असलेले मीटर वेगळ्या रीतीने काम करते. ते पात्राच्या चेहऱ्याजवळ धरून, तेथे पडणारा प्रकाश मोजतात. वस्तू काळी की गोरी, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. त्यामुळे काळे काळे आणि पांढरे पांढरे राहते. नवशिक्याने दोन्ही मापे घेऊन त्यांतील फरकाचे कारण स्वतःशी मांडून पाहिले, तर एक्स्पोजरचे निम्मे गूढ उकलते.

आता मॉनिटरवर हिस्टोग्राम, वेव्हफॉर्म, फॉल्स कलर अशी साधनेही मिळतात. उन्हात उभे राहून पाहिलेला मॉनिटर काळपट वाटतो, अंधाऱ्या खोलीत तोच झगझगीत वाटतो. म्हणून नजरेपेक्षा या आलेखांवर विसंबणे बरे. निगेटिव्ह फिल्मवर सावल्यांतील तपशील सांभाळावा लागे, कारण कमी प्रकाश मिळालेल्या भागात काही उमटतच नसे. डिजिटल कॅमेऱ्यात उलट, आधी उजळ भाग सांभाळावा लागतो. फिल्मवर शिकलेल्या आणि डिजिटलवर शिकलेल्या छायालेखकांच्या सवयी वेगळ्या दिसतात, त्याचे कारण पुष्कळसे यात आहे.

चेहऱ्याचा रंग

मीटरचा हा प्रश्न माणसाच्या चेहऱ्यापाशी आला की केवळ तांत्रिक राहत नाही. गोऱ्या युरोपीय कातडीवरून मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप जास्त प्रकाश परततो. गव्हाळ वर्ण त्या करड्याच्या आसपास असतो, सावळा त्याच्याही खाली. चेहरा अमुक इतका उजळ असावा, असे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातील कोष्टक जसेच्या तसे वापरले, तर सावळ्या माणसाचा चेहरा आहे त्यापेक्षा उजळ, निस्तेज आणि सपाट होतो. रंगीत छायाचित्रांच्या प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनीची नमुनापत्रे कित्येक दशके वापरली जात होती. त्यांवर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे आणि ती ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखली जात. प्रमाण चेहरा कोणाचा मानायचा, हे प्रयोगशाळेतच ठरून गेले होते.

भारतीय पडद्यावर चेहरा गोरा दाखवण्याचा सोस जुना आहे आणि जास्तीचा उजेड हे त्याचे सोपे साधन. शिकणाऱ्याने येथे सावध राहावे. सावळी कातडी समोरून फेकलेल्या उजेडात खुलत नाही. ती खुलते बाजूने येणाऱ्या, मोठ्या आणि मऊ स्रोताच्या प्रकाशात. अशा स्रोताचे हलके प्रतिबिंब गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या कडेवर उमटते आणि चेहऱ्याचा आकार वर्ण न बदलता स्पष्ट होतो. एक्स्पोजर कमी ठेवूनही चेहरा वाचता येतो, तो या चमकेमुळे. शेतात राबणाऱ्या माणसाचा चेहरा त्याच्या स्वतःच्या रंगात पडद्यावर येणे, हा त्या माणसाला मान देण्याचाच भाग आहे.

उजेडाचे गुण

प्रकाशाकडे पाहताना चार गोष्टी वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात: तो किती आहे, कोणत्या दिशेने येतो, कोणत्या रंगाचा आहे आणि कठोर आहे की मऊ.

कठोर की मऊ, हे स्रोताच्या तेजावर अवलंबून नसते. ते अवलंबून असते वस्तूच्या मानाने स्रोत किती मोठा दिसतो यावर. सूर्य प्रचंड असला, तरी आकाशात तो अर्ध्या अंशाएवढाच दिसतो. म्हणून उन्हाच्या सावल्या रेघ मारल्यासारख्या पडतात. ढग आले की सारे आकाशच दिवा होते आणि सावल्या विरघळतात. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शित आणि स्वतःच चित्रित केलेल्या ‘किल्ला’ या २०१४ मधील मराठी चित्रपटात कोकणातील पावसाळी आभाळाचा असा प्रकाश जागोजागी दिसतो. दिव्यासमोर बटर पेपर किंवा पांढरे कापड ताणणे, थर्माकोलवर दिवा मारून परतलेला उजेड घेणे, या सेटवरील युक्त्यांचे मर्मही हेच. लहान स्रोत मोठा करायचा.

अंतराचाही नियम आहे. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप घटतो. दिव्यापासून एक मीटरवर बसलेला नट उठून दोन मीटरवर गेला, तर चेहरा एकदम अंधारतो. तोच दिवा चार मीटरवर ठेवला आणि नट पाच मीटरवर गेला, तर फरक स्टॉपच्या सुमारे दोनतृतीयांशच पडतो. पात्र खोलीभर फिरणार असेल तेव्हा दिवा दूर आणि मोठा का ठेवतात, ते यावरून समजते.

दिशेच्या बाबतीत मुख्य दिवा, सावली हलकी करणारा भरणीचा दिवा आणि पाठीमागून कडा उजळणारा दिवा, ही तीन दिव्यांची मांडणी सर्वत्र शिकवली जाते. व्याकरण म्हणून ती ठीक आहे. तिच्यातील खरा धडा दिव्यांच्या संख्येत नसून चेहऱ्याच्या दोन बाजूंमधील प्रमाणात आहे. उजळ बाजू सावलीपेक्षा एक स्टॉपने अधिक असेल तर प्रमाण २:१, दोन स्टॉपने ४:१, तीन स्टॉपने ८:१. घरगुती विनोदाचे दृश्य पहिल्या प्रमाणात शोभते. तिसऱ्यात तेच घर संशयाने भरून जाते. दृश्याचा भाव असा आकड्यांत धरता येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा करता येतो.

राहिला रंग. टंगस्टनचा दिवा ३२०० केल्विनचा, पिवळसर. दुपारचा उजेड ५६०० च्या आसपास, त्या मानाने निळा. कॅमेऱ्याचे व्हाइट बॅलन्स पांढऱ्याला पांढरे करून देते. पण समईच्या उजेडातले देवघर दुपारसारखे पांढरे झाले, तर त्यातील तिन्हीसांज निघून गेली असे समजावे. दिव्यावर निळे वा नारिंगी जिलेटीन लावून स्रोतांचे रंग जुळवतात. कधी ते मुद्दाम जुळवत नाहीत. खिडकीतली निळी संध्याकाळ आणि आतला पिवळा दिवा शेजारी राहू देतात.

वहीतून घडलेला छायालेखक

हे सारे एखादा नवशिका कसे आत्मसात करतो, याचे भारतीय चित्रपटातील सर्वांत बोलके उदाहरण सुब्रत मित्र यांचे आहे. १९३० मध्ये जन्मलेल्या मित्र यांनी ‘पथेर पांचाली’ चित्रित करण्यापूर्वी चित्रपटाचा कॅमेरा कधी चालवलेला नव्हता. त्यांची शाळा झाली ती फ्रेंच दिग्दर्शक जाँ रेन्वार यांच्या ‘द रिव्हर’ या चित्रपटाच्या सेटवर. तो १९४९-५० च्या सुमारास बंगालमध्ये चित्रित होत होता. मित्र यांना चमूत जागा मिळाली नाही. केवळ पाहण्याची परवानगी मिळाली. त्यांनी वही काढली. दिवे कोठे, नट कोठे, कॅमेरा कसा सरकला, याच्या आकृत्या आणि नोंदी ते करीत राहिले. पुढे तेथील छायालेखक क्लोद रेन्वार यांनाच एका दृश्याचा उजेड पुन्हा जुळवण्यासाठी या वहीचा आधार घ्यावासा वाटला. एकाच दृश्याचे तुकडे वेगवेगळ्या वेळी घेतले जातात आणि ते जोडल्यावर उजेड एकसारखा वाटावा लागतो. त्यासाठी नोंदीला पर्याय नसतो.

१९५२ मध्ये सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’ला प्रारंभ केला, तेव्हा मित्र यांनी नुकतीच विशी ओलांडली होती. १९५५ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात बंगालच्या खेड्यातील ऊन, ढग आणि पाऊस जसे होते तसे वापरण्यावर भर राहिला. खरी परीक्षा १९५६ च्या ‘अपराजितो’मध्ये झाली. काशीतील एका घराचा आतला चौक कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी कोलकात्याच्या स्टुडिओत उभारायचा होता. अशा घरात ऊन थेट उतरत नाही. पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांचा चौक पाहिलेल्यांना तो उजेड परिचयाचा असेल: वरच्या आकाशाच्या तुकड्यातून झिरपणारा, जवळजवळ सावली नसलेला. स्टुडिओतील दिवे थेट मारले, तर प्रत्येक पात्राच्या दोन-दोन, तीन-तीन सावल्या भिंतीवर पडल्या असत्या आणि काशीचे घर क्षणात खोटे ठरले असते.

स्टुडिओत हा उजेड साधणार नाही, असे मित्र यांचे आरंभी मत होते. मग त्यांनी सेटच्या वर पांढरे कापड ताणले आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. कापडावरून परतलेला मऊ उजेड चौकात आकाशासारखा उतरला. परावर्तित प्रकाशाची ही पद्धत पुढे जगभरच्या छायालेखनात सर्वमान्य झाली. एका तरुणाने ती शोधली ती कोणत्या पुस्तकातून नव्हे. चौकात उजेड कोठून येतो, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्याने शेवटपर्यंत सोडले नाही, म्हणून.

मूर्तींचा कवडसा

मऊ प्रकाश म्हणजेच चांगला प्रकाश, असा समज यातून होऊ नये. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, गुरुदत्त यांच्या ‘कागज़ के फूल’मध्ये व्ही. के. मूर्ती यांनी नेमकी उलटी वाट धरली. ओस पडलेल्या स्टुडिओत दोन माणसे समोरासमोर उभी आहेत आणि वरून एक जाड कवडसा तिरपा उतरला आहे, हे दृश्य रसिकांच्या स्मरणात आहे. तसा समांतर, धारदार झोत दिव्यांनी मिळत नव्हता. मूर्ती यांनी बाहेर ऊन पकडणारा मोठा आरसा लावला आणि दुसऱ्या आरशाने ते ऊन आत वळवले. सूर्य इतका दूर आहे, की त्याचे किरण समांतरच येतात. दिव्याचे किरण फाकतात. भौतिकशास्त्राची एवढी समज आणि दोन आरसे यांवर ते दृश्य उभे राहिले.

या दृश्यात उजेडाइतकाच अंधार महत्त्वाचा आहे. भोवतालचा स्टुडिओ काळा ठेवला नसता, तर कवडसा दिसलाच नसता. मूर्ती यांना २००८ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले छायालेखक. त्यांच्या हाताखाली गोविंद निहलानी यांनी उमेदवारी केली आणि पुढे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ व ‘अंकुर’ यांचे छायालेखन केले. ही विद्या अशी हातोहातच पुढे जात आली आहे. पुण्यात १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या आवारात चित्रपट संस्था सुरू झाली, तेव्हा तिला अभ्यासक्रमाचे रूप मिळाले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा कॅमेरा हाताळणारे त्र्यंबक तेलंग यांनाही फाळके यांनीच कॅमेरा चालवण्यास शिकवले होते.

एक खिडकी, एक चेहरा

महागडी साधने नसतानाही हा अभ्यास घरी होऊ शकतो. थेट ऊन न येणारी एक खिडकी, बसायला तयार असलेला एक मित्र, एक थर्माकोलचा तुकडा आणि एक काळे कापड एवढे पुरते. कॅमेरा मोबाइलचा असला तरी चालेल. फक्त एक्स्पोजर बांधून ठेवण्याची सोय वापरावी. नाहीतर पांढरा सदरा घातलेले कोणी मागून गेले, की सारे चित्र आपोआप काळवंडते.

मित्राला खिडकीच्या बाजूला बसवावे आणि चेहऱ्याची सावलीची बाजू पाहावी. त्या बाजूला थर्माकोल धरला की सावली हलकी होते; काळे कापड धरले की ती गडद होते, कारण भिंतीवरून परतणारा उजेड कापड खाऊन टाकते. दिवा न लावता केवळ या दोन वस्तूंनी २:१ पासून ८:१ पर्यंतचे प्रमाण साधून पाहावे. नंतर मित्राला खिडकीपासून हाताहाताने दूर नेत उजेड कसा उतरतो, ते नोंदवावे.

दुसरा अभ्यास कॅमेऱ्याची सहनशक्ती ओळखण्याचा. मीटरप्रमाणे एक शॉट घ्यावा. मग एकेक स्टॉप कमी करीत चार आणि एकेक वाढवीत चार. संगणकावर हे नऊ शॉट पुन्हा सारख्या उजेडावर आणून पाहिले, की सदऱ्याची वीण कोठे नाहीशी झाली आणि केसांचा काळा रंग कोठे गढूळ झाला, ते दिसते. विक्रेता सांगतो तेवढे स्टॉप आपल्या कामाचे नसतात; किती आहेत, हे या चाचणीतून कळते.

तिसरा अभ्यास इतरांचे चित्रपट थांबवून पाहण्याचा. नाकाची सावली कोणत्या बाजूला पडली आहे? डोळ्यांच्या बुबुळात दिव्याचे प्रतिबिंब चौकोनी आहे की ठिपक्यासारखे? खिडकी डावीकडे दाखवून उजेड उजवीकडून तर येत नाही ना? चेहऱ्यावर प्रकाशयोजनेचा नकाशाच लिहिलेला असतो. तो वाचायची सवय व्हावी लागते. या सर्वांची तारीख, वेळ, लेन्स, टी-स्टॉप, मीटरचे माप आणि दिव्यांची आकृती यांसह वही ठेवावी. मित्र यांनी केले ते एवढेच होते.

दिवे भाड्याने आणायची वेळ आली, की आणखी एक गणित आवश्यक ठरते. १००० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर वीज घेतो. जुन्या घरातील पाच अँपिअरच्या खोबणीवर असा एकच दिवा कसाबसा निभतो. तेथे दोन लावणे धोक्याचे. तापलेल्या दिव्याच्या अगदी जवळ कागद वा कापड बांधल्याने आग लागू शकते. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवणे, वायर वाटेतून न नेणे, या गोष्टी अनुभवी लाइटमन न सांगता करतात. नवोदिताने त्यांच्याकडून त्या शिकून घ्याव्यात. सेटवर प्रकाशाचे सर्वाधिक प्रात्यक्षिक ज्ञान अनेकदा त्यांच्याकडेच असते.

आधी दिवे बंद करा

नव्या ठिकाणी चित्रीकरणास गेल्यावर शिकणाऱ्याचा हात प्रथम दिव्याकडे जातो. त्याऐवजी आहेत ते दिवेही बंद करावेत आणि पाच मिनिटे तेथे बसावे. डोळे सरावले, की त्या जागेचा स्वतःचा उजेड दिसू लागतो: दाराच्या फटीतली तिरीप, फरशीवरून भिंतीवर चढलेला फिकट पट्टा, जिन्याखाली साठलेला काळोख. दृश्यातील पात्र यांपैकी कोठे उभे राहील, ते ठरवावे. तेवढे पुरेसे नसेल, तर जो उजेड आधीच येतो आहे त्याच दिशेने एक दिवा लावावा. त्यानंतर मीटर काढावे. दुसरा दिवा मागण्यापूर्वी तो काय दाखवणार आहे आणि ते दाखवायला हवे आहे का, याचे उत्तर दिग्दर्शकाला एका वाक्यात देता आले पाहिजे. देता येत नसेल, तर तो दिवा व्हॅनमध्येच राहू द्यावा.